डाव्या दाराची काच

“गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतंय पोरगं, असं सांगितलंय मी,” दौलूमामा म्हणाला, तेव्हा कवठेमहांकाळ तीन किलोमीटर राहिलं होतं.

मी आधी हसलो. गाडी चालवताना काहीबाही बोलायची मामाला सवयच होती. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर तो हसत नव्हता.

“कुणाला सांगितलंय?”

“पोरीच्या बापाला. जोतीराम मान्याला.”

“मामा, मी पेट्या दुरुस्त करतो. वाजवायच्या पेट्या.”

“ठावं हाय रे. पेट्या काय नि गाड्या काय, बिघडल्या की दोन्ही बोंबलत्यात.”

मिरजेत वाद्यांच्या दुकानात मी तेव्हा सात वर्षं काम करत होतो. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, गवयांच्या पेट्या यायच्या. कुणाचा भाता फाटलेला असायचा, कुणाची पट्टी अडकायची, कुणाचा एखादा सूर बसलेला असायचा. मी त्या उघडून, ऐकून, नीट करून द्यायचो. काम माझ्या आवडीचं होतं, पण लग्नाच्या बाजारात त्याला कवडीचा भाव नव्हता. आठ मुली बघून झाल्या होत्या. आठही घरांत मुलीच्या बापानं, “पेटी म्हणजे ती भजनातली? आणि मग पोटापाण्याला काय करता?” असं विचारलं होतं. नवव्या वेळी मामानं कारभार आपल्या हाती घेतला. जोतीराम माने यांचं हमरस्त्याला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान, पदरात एकच मुलगी, आणि जावई याच धंद्यातला पाहिजे असा त्यांचा निरोप होता. मग मामानं मला एका दमात त्या धंद्यातला करून टाकलं.

“थांबव गाडी. मी उतरतो,” मी म्हणालो.

“उतर की. इथनं एसटी दोन तासांनी हाय.” मग मामाचा आवाज एकदम मवाळ झाला. “हे बघ सर्जेराव, तू काय करायचं, गप बसायचं, पोहं खायचं आणि काय विचारलंच तर ‘बघतो की’ म्हणायचं. मिस्त्री लोक तेवढंच बोलत्यात. आता ती काच लाव वर, केसाचं शिपतर झालंय तुझ्या.”

मी बटण दाबलं. मामाच्या पिकअपच्या डाव्या दाराची काच म्हणजे एक प्रकरण होतं. आधी दाराच्या पोटातून दमेकऱ्यासारखा घुर्र आवाज यायचा, मग काच बोटभर वर यायची, थांबायची, आणि मग अशी किंचाळायची की रस्त्यानं चाललेली म्हसरं बिचकायची. “वर जा बाई, वर जा,” मामा तिला चुचकारत होता. ती अर्ध्यावर आली असेल नसेल, तोवर गाडी मान्यांच्या दारात शिरली. मी घाबरून बोट उचललंच नाही. त्यामुळे नवरामुलगा आला ही वर्दी त्या काचेनंच घरभर दिली.

पुढे दुकान, मागे घर. दुकानातून एक ठेंगणे गृहस्थ तरातरा बाहेर आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि पाहुणे येणार असूनही खिशात स्क्रूड्रायव्हर. हेच जोतीरामअण्णा. रामराम नाही, या-बसा नाही. सरळ माझ्या दारापाशी आले.

“परत करा.”

“काय?”

“काच. खाली घ्या, वर घ्या.”

मी घेतली. दाढ ठणकावी तसे त्यांनी डोळे घट्ट मिटले.

“दौलतराव,” डोळे न उघडताच ते म्हणाले, “भाचा गाड्यांचं इलेक्ट्रिक करतो म्हणाला हुता न्हवं? आणि मामाच्याच गाडीची ही तऱ्हा?”

मी सीटवर बसल्या जागी थिजलो. पण मामा हा मामाच. “तेच तर! सकाळधरनं माझ्या मागं लागलाय, मामा, काच बघू द्या, मामा, काच बघू द्या. म्या म्हटलं, आधी पोहं तर खा.”

“पोहं कुठं पळून जात्यात? आत्ताच बघू या. मला बी कळंल हात कसा हाय ते.”

उंबऱ्यावर आलेल्या मावशी, म्हणजे मुलीची आई, हवालदिल झाल्या. “अवो, गार हुतील की!”

“गरम करता येत्यात! वैजू, टेस्टलॅम्प आण गं!”

आणि वैजयंता आली. जरीची मोरपंखी साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, एका हातात पोह्यांचा ट्रे आणि दुसऱ्या हातात टेस्टलॅम्प. बल्ब, सुई आणि चिमट्याची वायर, वीज कुठवर पोचते ते बघायचं हत्यार. पाहुण्याला आधी काय द्यायचं, याचा तिनं क्षणभर विचार केला आणि माझ्या हातात टेस्टलॅम्प दिला. मी तो उलटा धरला. तिनं तो माझ्या बोटांत हळूच सुलटा केला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “असा बरा पडंल.”

तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता. हिरव्या बांगड्या भरल्या होत्या तरी नखांतलं ग्रीस काही गेलं नव्हतं. आठ घरांत मी बशीतल्या पोह्यांकडे बघत बसलो होतो. इथं पहिल्यांदा मान वर करून बघितलं, आणि सरळ सांगायचं तर मी कामातून गेलो. आता काहीही होवो, या घरातून नकार घेऊन जायचं नाही, एवढं एकच डोक्यात राहिलं. आणि नेमकं त्याच घरात मी धडधडीत खोट्यावर उभा होतो.

“हं, करा सुरुवात,” अण्णा म्हणाले.

“आधी ऐकतो,” मी म्हणालो. दुसरं मला येतच नव्हतं.

मी खाली उतरलो, दार लावलं, दाराच्या पत्र्याला कान टेकवला आणि मामाला ड्रायव्हरकडचं बटण दाबायला सांगितलं. काच वर चालली तसा मोटारीचा सूर खाली खाली उतरत गेला. पेटीच्या दोन पट्ट्यांएवढा तरी. काच वर पोचून परत खाली निघाली, तेव्हा मात्र सूर पुन्हा जागेवर आला. मग मी उजव्या दाराला जाऊन कान लावला. तिथं वर जातानाही खालीवर होत नव्हता, एकसारखी गुणगुण. परत डावीकडे आलो.

“मोटार चांगली आहे,” मी म्हणालो, आणि माझ्याच आवाजातल्या खात्रीनं मी दचकलो. “तिला कुणीतरी धरून ठेवलंय. पुढच्या कोपऱ्यात. वर जातानाच.”

अण्णांच्या भुवया वर गेल्या. “बॅटरी कमी पडत नसंल?”

मी पुन्हा दाराला कान लावला. वैजयंता लांबून, जणू सहज, म्हणाली, “बॅटरीचं असतं तर दोन्ही काचा मंद झाल्या असत्या, होय ना?”

“होय,” मी म्हणालो.

“मग तुम्ही आता स्विच बदलून बघता, का हातानं आधार देऊन काच उचलून बघता?”

“हातानं उचलून,” मी पटकन म्हणालो. दोन्हींतलं तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

“वैजू, तू गप. त्यास्नी करू दे,” अण्णांनी दटावलं. पण काच उचलायला बाहेरून आणि आतून असे दोन माणसांचे तळवे लागतात, आणि मामा बटणावर होता. अण्णांचा उजवा हात वर्षभर कापत होता, ते मला नंतर कळलं. त्यामुळे बाहेरून वैजयंता आणि आतून मी. मधे काच. तिचे तळवे आणि माझे तळवे समोरासमोर, आणि मामा बटण दाबतोय. काच सुळकन वर गेली. किंचाळली, पण गेली. मी मात्र काचेला तळवे टेकून तिथंच उभा राहिलो. मामानं दोनदा खाकरून मला जागं केलं.

“म्हणजे घसरायच्या खाचेत कायतरी बसलंय,” अण्णा म्हणाले. “खोला दार.”

दार खोला म्हणे. पेटी असती तर डोळे झाकून उघडली असती. पण या दाराचे स्क्रू कुठं असतात, देव जाणे. दिसत तर एकही नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन उगीच हँडलभोवती घुटमळायला लागलो. वैजयंता स्क्रू ठेवायला वाटी घेऊन शेजारी उभी होती. तिचा उजवा पाय साडीखालून दोन बोटं बाहेर आला आणि जोडव्याविना असलेल्या त्या पायाचा अंगठा हँडलच्या खालच्या खोबणीकडे वळला. तिथं एक काळी टिकली होती. काढली, तर आत स्क्रू. मग अंगठा दाराच्या खालच्या कडेकडे वळला. तिथं दोन. मग पाय साडीत गेला आणि ती आकाशाकडे बघायला लागली.

मी आतलं पॅनेल दोन्ही हातांनी ओढलं. फटाफट क्लिपा सुटल्या. त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद सोलला, आणि दाराच्या पोटातून पिवळाधमक लोंढा माझ्या अंगावर आला.

भंडारा! हळदीचा शेर-दीड शेर भंडारा! शर्टावर, तोंडात, कानात, पायांवर. वैजयंता वाकून बघत होती, तिच्या साडीवर, केसांत, गजऱ्यात. अण्णांचा इस्त्रीचा शर्ट कमरेपर्यंत पिवळा. सगळे शिंकायला लागलो.

“बिरदेवाच्या नावानं चांगभलं!” मामानं तिथल्या तिथं हात जोडले.

“दौलतराव, हे काय हाय?” अण्णा शिंकत शिंकत ओरडले.

मग उलगडा झाला. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीच्या यात्रेला मामा-मामी नवी पिकअप घेऊन गेले होते. गाडीवर देवाचा भंडारा पडला पाहिजे म्हणून मामीकडची काच अर्धी खाली ठेवून मामानं गाडी गर्दीतून दोन फेऱ्या फिरवली होती. भंडाऱ्याची अक्षरशः बरसात झाली. काचेच्या फटीतून तो दारात गेला. तेव्हापासून तो तिथंच होता.

“झाडला का न्हाई?” अण्णांनी विचारलं.

“देवाचा भंडारा झाडू व्हय?” मामा दुखावला.

“आणि हे चिकट काय?” अण्णांनी खाचेतल्या रबरात बोट घातलं. हळदीचा घट्ट लगदा वर आला. त्यांनी बोट हुंगलं. “दौलतराव. हे खोबरेल हाय.”

“आवाज करत हुती म्हणून. बायकूच्या बाटलीतलं. दर सोमवारी थोडं थोडं.”

“तीन महिनं?”

“एकादा सोमवार चुकला असंल.”

आत्तापर्यंत उंबऱ्यावर असलेल्या मावशी पितळेचं ताट घेऊन धावत आल्या. “कुणी पाय दिऊ नगा! झाडू तर लावूच नगा! दारात चालून आलाय देव!” त्यांनी सगळा भंडारा हातानं ताटात भरला, आणि भरता भरता पहिली बोटं माझ्या आणि वैजयंताच्या कपाळाला लावली. मग आम्हां दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “हळद तर लागली की गं बाई, पोहं खायच्या आधी!” वैजयंतालाही हसू आवरेना. ती वाटी हलवून हसत होती आणि वाटीतले स्क्रू खणखण वाजत होते. मी आजवर इतक्या वाद्यांचे आवाज ऐकलेत, पण त्या वाटीची सर कशालाच नाही.

मी जुन्या धोतराचा तुकडा मागून घेतला, काठीला गुंडाळला आणि खाच वरपासून खालपर्यंत पुसली. चार वेळा. रबर स्वच्छ झालं, कोरडं झालं. इथं मी घरी होतो. हात आपोआप चालत होते.

“थोडी तोंडाला लावायची पावडर मिळेल का?” मी विचारलं.

वैजयंता धावत जाऊन आपला डबा घेऊन आली. मी बोटानं रबराला पावडर चोळायला लागलो.

“रबराला पावडर?” अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “आम्ही स्प्रे मारतो. हे कुठल्या गॅरेजात शिकला?”

“मिरजंत!” मामा घाईघाईनं म्हणाला. “मिरजंत सगळीकडं हीच पद्धत हाय!”

मी नुसतं “होय” म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण वैजयंता डब्याचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलेलं होतं, टेस्टलॅम्प उलटा धरला तेव्हापासूनच. ती बोलणार नव्हती. म्हणजे मी आत्ता खोटं बोललो असतो, तर ते जन्मभर तिला सांभाळावं लागलं असतं.

“गॅरेजात नाही, अण्णा,” मी म्हणालो. “मी पेट्या दुरुस्त करतो. हार्मोनियम. पट्टी घासायला लागली की आम्ही तेल घालत नाही, तेलानं धूळ धरते. शंखजिऱ्याची पूड लावतो, या पावडरीत तीच असते. गाडीचं काम मला येत नाही.”

मामा मटकन पायरीवर बसला.

“काहीच येत न्हाई?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग दाराचं स्क्रू कसं घावलं?”

“यांनी दाखवले.”

“कवा? मी हितंच हुतो.”

“पायानं.”

अण्णांनी लेकीच्या पायांकडे बघितलं. तिनं ते झटकन साडीखाली घेतले. मावशींच्या हातातलं ताट हसण्यानं हिंदकळलं, पण अण्णा हसले नाहीत. त्यांचा चेहरा पिवळा होता, तरी आतून लाल झालेला कळत होता.

“दौलतराव, खोटं बोलून पोरगी मागाय आला?”

“खोटं माझं हाय,” मामा खालमानेनं म्हणाला. “पोराला तीन किलोमीटर आधी कळलंय.”

“मला दुकानाला माणूस पाहिजे हो!” अण्णांचा आवाज फाटला. “हा हात बघा. पाना धरवत न्हाई. उद्या दुकानाला कोण हाय माझ्या?”

“मी हाय की, अण्णा,” वैजयंता म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण सगळे तिच्याकडे वळले.

“गेल्या वर्षापास्नं वायरिंग कोण ओढतंय? डायनॅमोचं वाइंडिंग कोण भरतंय? गिऱ्हाइकाला वाटतं तुम्ही केलंय, आणि मी वाटू देती. दुकानाला माणूस बघू नका. तो हाय. मला माणूस बघा.”

अण्णांनी लेकीकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं. मग मला म्हणाले, “दार बंद करा. उघडं टाकून जायाचं नसतंय.” मी पॅनेल बसवलं, तिनं एकेक स्क्रू दिला. अण्णांनी स्वतः बटण दाबलं. काच झरकन वर गेली, झरकन खाली आली. आवाज म्हणून नाही. त्यांनी सहा वेळा वर-खाली केली, सातव्यांदा माझ्यासारखाच दाराला कान लावला, आणि “हं” म्हणाले. तो हं मला मिळालेला सगळ्यात मोठा पगार होता, पण त्याचा अर्थ काही लागला नाही.

पोहे गार झाले होते. आम्ही ते तसेच खाल्ले. निघताना अण्णांनी मामाला सांगितलं, “कळवतो.”

तो शब्द मला चांगला ओळखीचा होता. आठ घरांनी “कळवतो” म्हटलं होतं आणि एकानंही कळवलं नव्हतं. मी गाडीत बसलो. मामानं इंजिन चालू केलं, पण गिअर टाकायचं धाडस त्याला होईना. मी समोर बघत होतो. रडू येईल अशी भीती वाटत होती, आणि पिवळ्या तोंडानं रडणं फार वाईट दिसलं असतं.

काचेवर टकटक झाली. वैजयंता. मी बटण दाबलं. काच सर्रकन खाली आली, इतकी पटकन की काय बोलायचं ते ठरवायला मला सवडच मिळाली नाही.

“अण्णा कळवतील तेव्हा कळवतील,” ती म्हणाली. धावत आल्यानं तिला धाप लागली होती. “मी आत्ताच कळवते. मला पसंत आहे. पण माझी एक अट...”

आनंदानं माझं काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. अंगठा बटणाच्या दुसऱ्या टोकावर पडला. काच तेवढ्याच झपाट्यानं वर आली. दुरुस्ती इतकी चोख झाली होती की बाहेरचा एक शब्द आत येईना. तिकडे “पसंत” ऐकल्याबरोबर मामानं, बेत बदलायच्या आत निघावं म्हणून, क्लच सोडला. पिकअप उसळली. काचेपलीकडे वैजयंता चालत चालत, हात हलवत बोलत होती. ओठ हलत होते. ज्याचा कान सबंध मिरजेत वाखाणतात, त्या मला अक्षर ऐकू आलं नाही. मग तिनं भुवया उंचावून विचारलं, कबूल? आणि मी जोरजोरात मान डोलावली. मामानंही डोलावली.

त्याला आता बारा वर्षं झाली. अण्णांनी पंधरा दिवसांनी कळवलं. दुकानाच्या पाटीवर आता वैजयंताचं नाव आहे आणि मागच्या खोलीत माझ्या पेट्या असतात. ती अट काय होती, हे मी तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं. “कबूल केलंत की तुम्ही,” म्हणाली. तेव्हापासून घरातला कुठलाही वाद तिथंच संपतो. सकाळचा चहा मी करायचा, हीच अट होती. मुलीला पाना धरायला शिकवायचं, हीच अट होती. अण्णा अंथरुणाला खिळल्यावर त्यांचं सगळं मी करायचं, हीही तीच, आणि ते करताना मला एकदाही जड गेलं नाही.

परवा दुकानात एक पिकअप आली होती, काच वर जाईना म्हणून. काम झाल्यावर मी आत बसलो, काच पूर्ण लावून घेतली आणि बाहेर उभ्या असलेल्या तिला खुणेनं म्हणालो, आता तरी सांग. तिनं इकडेतिकडे बघितलं, गिऱ्हाईक लांब होतं. मग काचेला अगदी तोंड लावून तिनं सांगितलं, चांगली तीन-चार वाक्यं, आणि भुवया उंचावल्या.

बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. मी ते दाबलं नाही. जोरजोरात मान डोलावली.